उतारा समजतो, तरी गुण जातात : सीटीईटीच्या एका उमेदवाराचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालेली उमेदवार. लातूरच्या एका अभ्यासिकेत बसून सीटीईटीची, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी करत होती. पेपर १ (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीचा), भाषा १ मराठी. तिची तक्रार एवढीच होती : "उतारा पूर्ण समजतो, तरी गुण जातात." तक्रार खरी होती. उताऱ्यात काय घडलं हे तोंडी विचारलं तर ती एकही तपशील न चुकता सांगायची. चुका व्हायच्या त्या उताऱ्याचा हेतू काय, मांडणी कशी आहे आणि अमुक वाक्य तिथं कशासाठी आलं आहे, असं विचारलं की. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण मराठीवर चांगली पकड असलेल्या उमेदवारांचे गुण याच जागी जातात. भाषा कच्ची असलेल्यांना निदान आपण कुठं चुकतो ते कळतं. यांना तेही कळत नाही.

परीक्षेचा आराखडा थोडक्यात. एका पेपरात १५० प्रश्न आणि १५० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. भाषा १ ला ३० प्रश्न असतात. त्यातले १५ भाषेच्या अध्यापनशास्त्रावर आणि १५ आकलनावर, एक गद्य उतारा आणि एक कविता मिळून.

आधी तिचे चार सराव संच घेतले. आकलनाचे ६० प्रश्न, त्यातले २२ चुकलेले. व्याकरण आणि शब्दार्थाचे ४, थेट माहितीचे ३ आणि हेतू, रचना किंवा वाक्याच्या कार्याचे १५. बरोबर आलेल्या ३८ पैकी ५ उत्तरं निव्वळ अंदाजानं आली होती, आणि हे ५ तिनं स्वतः सांगितले म्हणूनच समजले. गुण कापत नाहीत म्हणून परीक्षेत प्रश्न कोरा सोडू नये, हे बरोबरच आहे. सरावात मात्र अंदाजानं दिलेल्या उत्तरापुढं ठिपका द्यायलाच हवा. नाहीतर दुखणं गुणांखाली झाकून राहतं.

त्या १५ चुकांचं मूळ शोधायला एक उतारा घेतला. सरावासाठी मुद्दाम तयार केलेला, वाक्यांना क्रमांक दिलेला :

(१) आजीचं घर माळवदाचं. (२) सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, वर हातभर पांढरी माती. (३) वैशाखात बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळायचं आणि आत आम्ही गोधडी ओढून झोपायचो. (४) मृगाच्या आधी आजोबा माळवदावर नवी माती टाकायचे आणि आजी खालून म्हणायची, "टाका, टाका, घरावरची माया वाढू द्या." (५) त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती बोळवून आलेल्या रात्री, पहाटे पहाटे ती माया खाली आली. (६) आजोबा तिसऱ्या दिवशी सापडले. (७) पुढं पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं, हलक्या छताचं, कोपऱ्याकोपऱ्यांत सळया घातलेलं. (८) आजी त्या घरात कधी आत झोपली नाही. थंडी असो की पाऊस, ओसरीतच झोपायची. (९) उन्हाळ्यात मात्र दुपारी आत जाऊन ती भिंतीला हात लावून बघायची आणि म्हणायची, "तापलंय गं. आपलं घर असं तापत नव्हतं."

पहिला प्रश्न. उताऱ्याचा मुख्य हेतू कोणता?
(१) माळवदाची घरे भूकंपात धोकादायक ठरतात हे पटवून देणे
(२) माळवदाची बांधणी व देखभाल यांची माहिती देणे
(३) एकाच घराची ओढ आणि त्याच घराने दिलेले दुःख आजीच्या मनात कशी शेजारी राहतात हे दाखवणे
(४) पुनर्वसनातील घरांच्या त्रुटींवर टीका करणे

तिनं पहिला पर्याय निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरी सगळे असंच म्हणतात सर. माळवदानंच माणसं मेली." तिची तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकांनी विचारलं, "ताई, उताऱ्यात हे कुठं लिहिलंय?" त्यावर ती म्हणाली, "लिहिलं नाही, पण खरं आहे की."

खरं आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीचं जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन झालं होतं. औसा आणि उमरगा तालुक्यांत हे घरोघरी सांगितलं जातं, आणि ज्यांच्या घरात हे घडलं त्यांच्या मुलीनं उतारा वाचताना ते बाजूला ठेवावं, अशी अपेक्षा करणं सोपं नाही. पण प्रश्न माळवदाबद्दल नाही, या नऊ वाक्यांबद्दल आहे. 'पटवून देणे' म्हटलं की कारण हवं, दाखला हवा, निष्कर्ष हवा. इथं यातलं काहीही नाही. मुख्य म्हणजे 'भूकंप' हा शब्दच उताऱ्यात नाही! लेखनाचा हेतू धोका सांगण्याचा असता तर तो शब्द पहिल्या ओळीत आला असता. तो टाळला आहे, आणि टाळला आहे यातच हेतू दिसतो. हे दाखवून दिल्यावर तिनं उतारा पुन्हा शोधून पाहिला. पहिल्या वाचनात तो शब्द तिनं स्वतःच घातला होता.

दुसरा प्रश्न. उताऱ्याची रचना कशी आहे?
(१) एक समस्या मांडून तिचे उपाय सांगितले आहेत
(२) एक चित्र उभे करून, एका घटनेने ते उलटवून, शेवटी त्या दोन्हींतून आलेले वागणे दाखवले आहे
(३) जुन्या व नव्या घराची मुद्द्यानुसार तुलना केली आहे
(४) घटना उलट कालक्रमाने सांगितल्या आहेत

तिचं उत्तर तिसरं. जुनं घर आहे, नवं घर आहे, म्हणजे तुलना. ही दुसऱ्या जातीची चूक : एका भागाला संपूर्ण समजणं. नवं घर सातव्या वाक्यात येतं आणि त्याचं वर्णन तिथंच संपतं. तुलना असती तर छताला छत आणि भिंतीला भिंत लावून पाहिली असती. शेवटच्या वाक्यात तुलना आहे खरी, पण ती आजी करते, आणि तीसुद्धा भिंतीला हात लावून. उताऱ्याच्या आत कुणीतरी तुलना करणं वेगळं आणि उतारा तुलनेवर बांधलेला असणं वेगळं.

तिसरा प्रश्न. वाक्य ४ चे उताऱ्यातील कार्य कोणते?
(१) आजोबांचा कष्टाळू स्वभाव दाखवणे
(२) पुढील आघात ज्या शब्दातून व्यक्त होतो तो शब्द आधी पेरून ठेवणे
(३) माळवदावर दरवर्षी माती का लागते याचे कारण देणे
(४) आजी-आजोबांमधील मतभेद दाखवणे

तिनं पहिला पर्याय घेतला. आजोबा काम करतात, म्हणजे कष्टाळू. वाक्यात काय आहे हे सांगितलं, वाक्य काय करतं हे सांगितलं नाही. 'माया' या शब्दाकडं पाहावं. शिंप्याकडं माया म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, माणसांत माया म्हणजे जीव लावणं. आजीच्या तोंडी दोन्ही अर्थ एकाच वेळी येतात. पाचव्या वाक्यात तोच शब्द उचलून "ती माया खाली आली" असं लिहिलं आहे. चौथं वाक्य काढलं तर पाचवं उभंच राहत नाही. वाक्याचं कार्य ओळखायची यापेक्षा खात्रीची कसोटी सापडलेली नाही : ते वाक्य झाकायचं आणि पुढचं कुठं लंगडं पडतं ते बघायचं.

तीन प्रश्न आणि तीन वेगळ्या जातींच्या चुका. जुन्या १५ चुका या तीन खणांत टाकल्या तेव्हा बाहेरचं ज्ञान आत आणल्याच्या ६ निघाल्या, भागाला संपूर्ण मानल्याच्या ५ आणि आशयालाच कार्य समजल्याच्या ४. "वाचन वाढव" हा सल्ला अशा उमेदवाराला सर्रास दिला जातो. इथं तो निरुपयोगी होता. तिचं वाचन भरपूर होतं. तिला शाळेपासून लागलेली सवय उतारा उपसून माहिती काढायची होती : आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, कोण कोणास म्हणाले. ती सवय वाईट नाही, तिच्यावरच तिचे थेट माहितीचे प्रश्न जवळपास सगळे बरोबर येत होते. पण रचनेच्या प्रश्नाला तेवढ्यानं उत्तर सापडत नाही.

उपाय म्हणून वाक्यसाखळी दिली. पर्याय झाकून उतारा एकदा वाचायचा. मग प्रत्येक वाक्याचा, किंवा एकच काम करणाऱ्या दोन-तीन वाक्यांचा, क्रमांक लिहून पुढं एक क्रियापद मांडायचं. प्रत्येक टप्प्याला तीनच शब्द, जास्त नाही. प्रश्नपुस्तिकेत कच्च्या कामाला जागा असते, परीक्षेत ही साखळी तिथंच मांडायची, म्हणून सरावातही तेवढ्याच जागेत.

पहिल्या आठवड्यात ही साखळी साफ फसली. तिनं लिहिलं : माळवदाची रचना, गारवा, आजोबांचं काम, भूकंप, मृत्यू, पुनर्वसन, ओसरी, भिंत. सगळी नामं. म्हणजे उताऱ्याचा सारांशच, फक्त आखूड केलेला. वर एका उताऱ्याच्या नुसत्या साखळीला ९ मिनिटं जात होती. तेव्हा नियम कडक केला : नुसतं नाम लिहायचंच नाही, टप्पा क्रियापदावरच संपवायचा. खूण नामावर थांबली की ती आशयाची आणि क्रियापदावर संपली की कामाची. दुसऱ्या खेपेला तिच्याच हातून याच उताऱ्याची साखळी अशी आली :

१-२ उभं करतं, ३-४ जीव लावतं, ५ उलटवतं, ६ किंमत सांगतं, ७ जागा बदलतं, ८ भीती दाखवतं, ९ ओढ परत आणतं.

ही साखळी समोर ठेवली की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही. पहिल्या प्रश्नाचंही शेवटच्या दोन टप्प्यांत मिळतं : आठव्यात भीती, नवव्यात ओढ, आणि उतारा तिथंच थांबतो. दोहोंपैकी एकाच्या बाजूनं निकाल दिलेला नाही. म्हणून एकच बाजू घेणारा पर्याय (१) आणि पर्याय (४) दोन्ही गळतात.

दुसरा अडथळा वळण ओळखण्याचा. पण, परंतु, तरी, उलट, मात्र हे शब्द गोल करायची सवय तिला होती. वैचारिक उताऱ्यात ती चालते. ललित उताऱ्यात सगळ्यात मोठं वळण बहुधा अशा शब्दाशिवायच येतं. इथलं पाचवं वाक्य पाहा, त्यात एकही 'पण' नाही. वळण कळतं ते क्रियापदाच्या रूपावरून, आणि मराठी यात फार उदार आहे. पहिल्या दोन वाक्यांना क्रियापदच नाही, नुसतं स्थिर चित्र. तिसऱ्या-चौथ्यात झोपायचो, टाकायचे, म्हणायची : हा रीतिभूतकाळ, वर्षानुवर्षांची सवय. पाचव्यात एकदम 'आली', सहाव्यात 'सापडले', सातव्यात 'मिळालं' : साधा भूतकाळ, एकदाच घडलेलं. आठव्यात 'कधी झोपली नाही' म्हणत पुन्हा 'झोपायची', नवव्यात 'बघायची', 'म्हणायची'. सवय परतली, पण बदललेल्या माणसाची. काळ कुठं बदलतो तेवढं अधोरेखित केलं तरी उताऱ्याचे तीन भाग आपोआप वेगळे पडतात. हे शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवतात आणि उताऱ्याच्या तासाला विसरतात, याची मनापासून खंत वाटते.

'मात्र' या शब्दाची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. "उन्हाळ्यात मात्र" यात तो विरोध दाखवतो. "नाव मात्र ऐकलंय" यात तो 'फक्त'च्या जवळ जातो. 'मात्र' दिसला की वळण असं मानून ती दोनदा चुकली होती.

दुसऱ्या आठवड्यात उलटच झालं, तिला जिथं तिथं विरोध दिसू लागला. वर्णनाच्या साध्या उताऱ्यातही ती 'उलटवतं' लिहायची. त्यावर सहा-सात उतारे असे दिले की ज्यांत वळण नव्हतंच : एक नुसतं साठत जाणारं वर्णन, एक क्रमानं सांगितलेली कृती, एक सामान्य विधान आणि पुढं दाखले, याच धर्तीवरचे आणखी काही. सरावात फक्त वळणाचेच उतारे दिले की हा रोग हमखास लागतो, आणि तो देणाऱ्याचा दोष असतो.

पर्याय तपासण्याची रीत वेगळी शिकवावी लागली. आधी पर्यायाचं शेवटचं क्रियापद वाचायचं : पटवून देणे, माहिती देणे, दाखवणे, टीका करणे, समर्थन करणे. त्या क्रियापदाला लागणारा ऐवज उताऱ्यात आहे का? टीकेला दोष दाखवणारं विधान लागतं, समर्थनाला कारण लागतं. नसेल तर पुढचं वाचत बसायचं नाही. मग जोडपर्याय : 'अमुक सांगून तमुक करणे' यातला अर्धा भाग खोटा ठरला की पूर्ण पर्याय गेला, अर्धा बरोबर म्हणून त्याला जवळ करायचं नाही. शेवटी आवाका. 'ग्रामीण जीवनातील बदलांचे चित्रण करणे' असा पर्याय नऊ वाक्यांच्या एका आजीला फार सैल होतो. तिच्यासाठी सर्वांत कठीण ठरला तो पहिला भाग, कारण 'खरं' आणि 'उताऱ्यात आहे' हे वेगळं करायला मनाला सवय लागावी लागते. त्यासाठी तिनं एक साधी गोष्ट केली : निवडलेल्या पर्यायापुढं आधाराच्या वाक्याचा क्रमांक लिहायचा. क्रमांक लिहिता आला नाही की उत्तर बदलायचं.

वेळेचा हिशोब १५ प्रश्नांना १५ मिनिटं असा धरला. साधारण ९ प्रश्नांच्या गद्य उताऱ्याला वाचन २, साखळी १ आणि उत्तरं ६ मिनिटं. कवितेला उरलेली ६. तिसऱ्या आठवड्याअखेर ती या वेळेत बसू लागली. नवे चार संच सोडवले तेव्हा ६० पैकी ११ चुकले. व्याकरण-शब्दार्थाचे ३, माहितीचे २, हेतू-रचनेचे ६. या ६ पैकी ४ कवितेचे.

कविता मागं राहण्याचं कारण पद्धतीतच होतं. ओळीओळीला क्रियापद लावायला गेलं की कविता चिंध्या होऊन हातात येते. तिथं टप्पा धरायचा तो कडव्याचा, आणि ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, असेल तर ते प्रत्येक वेळी नव्यानं वाचायचं. अभंग असेल तर शेवटच्या चरणातली नाममुद्रा, 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', ही नुसती सही समजू नये. बहुतेक वेळा तिथं बोलणारा समोर येतो आणि आधीच्या चरणांचा रोख ठरतो. नामदेवांची नरसी आणि जनाबाईंचं गंगाखेड या मातीतले हे अभंग कानावर लहानपणापासून असल्यानं तिथंही तिचं जुनं दुखणं उफाळून यायचं. अभंग दिसला की हेतू 'भक्ती', वाचण्याआधीच.

ध्रुपदासाठी दिलेला सरावाचा तुकडा हा :

तिफण दारात, बियाणं घरात,
येईल म्हणती.
ढगाची सावली गेली शिवारात,
येईल म्हणती.
लेक पुण्याला, फोन ना वर्षात,
येईल म्हणती.

'येईल म्हणती' या पुनरावृत्तीचे कार्य कोणते?
(१) पाऊस येणारच हा विश्वास दृढ करणे
(२) कवितेला लय व गेयता देणे
(३) एकाच शब्दांत दोन प्रतीक्षा जोडून दुसरीचे दुःख न बोलता व्यक्त करणे
(४) गावकऱ्यांच्या अफवांवर टीका करणे

पहिल्या खेपेला तिनं दुसरा पर्याय निवडला. तो खोटा नाही. पण तो कुठल्याही ध्रुपदाला लागू पडतो, आणि जे उत्तर प्रत्येक कवितेला बसतं ते या कवितेच्या प्रश्नाचं उत्तर नसतं. मग 'येईल'चा कर्ता शोधायला सांगितला. कवितेत पावसाचं नावसुद्धा नाही, तो तिफणीवरून, म्हणजे पेरणीच्या अवजारावरून, आणि ढगावरून कळतो. तिसऱ्या वेळी कर्ता बदलतो आणि ओळ तीच राहते. शिवाय 'म्हणती', म्हणजे बाकीचे म्हणतात. कवितेत बोलणारं माणूस स्वतः एकदाही 'येईल' म्हणत नाही. हे तिच्या नजरेतून सुटलं होतं, आणि सांगितल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

पुढच्या संचातल्या कवितेला तिनं कच्च्या कामाच्या जागेत साखळी लिहिलीच नाही. प्रत्येक ध्रुपदाचा क्रमांक लिहिला आणि पुढं दोनच प्रश्न, बारीक अक्षरात : कोण? कोण म्हणतं? त्या कवितेचे ६ पैकी ५ बरोबर आले. सहावा चुकला तो समासाचा होता.